डेव्हिल फिश: टीबी-३०३च्या आत काय बदललं आणि काय राखलं

डेव्हिल फिश म्हणजे टीबी-३०३ या बेसचे स्वर काढणाऱ्या सिंथेसायझरमध्ये पुढे केलेला एक बदल. रोलँड कंपनीने १९८१च्या अखेरीस टीबी-३०३ बाजारात आणली ती बेस गिटार वाजवणाऱ्याची जागा भरून काढायला. घरी एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकाला साथ हवी, म्हणून एका बाजूला ही छोटी चंदेरी पेटी, दुसऱ्या बाजूला तिची जोडीदार टीआर-६०६ ड्रम मशीन, दोघींमध्ये एक केबल, की झाली साथ. रचना तादाओ किकुमोतो यांची, अमेरिकेतली किंमत ३९५ डॉलर. पण तिच्यातून बेस गिटारसारखा आवाज निघेना. त्यात पॅटर्न, म्हणजे फिरून फिरून वाजणारी स्वरांची ओळ, भरायची पद्धत किचकट: आधी सगळे स्वर ओळीने दाबायचे, मग वेगळ्या मोडमध्ये जाऊन कोणता स्वर किती लांब आणि विसावा कुठे ते सांगायचं. ज्यांच्यासाठी ती बनवली होती त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. १९८४पर्यंत उत्पादन बंद झालं. सुमारे १०,००० नग बनले होते आणि त्यातले बरेच पुढे जुन्या मालाच्या दुकानांत पडेल भावात विकले गेले.

त्या मधल्या काळात मुंबईत एका माणसाने ती मनावर घेतली होती. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांनी सिंगापूरहून आणलेली ३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ यांवर १९८२ साली दहा रागांचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. वर ज्युपिटरवर राग, खाली ३०३वर त्याच रागाच्या स्वरांत बांधलेला, अखंड फिरणारा बेस. रेकॉर्ड फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोत १९८७ साली ३०३च्या ज्या किंचाळत्या, वळवळत्या आवाजातून ॲसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला, त्याच्याशी जुळणारं काहीतरी मुंबईत पाच वर्षं आधी होऊन गेलं होतं. एकाची दुसऱ्याला खबर नव्हती. दोन्हीकडे कारण एकच, यंत्राचा स्वभाव. तो ऐकायला जो तयार होता त्याला ३०३ तेच देत होती.

या लेखाचं प्रकरण मात्र तिसऱ्या शहरातलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात रॉबिन व्हिटल यांनी १९९३ साली ३०३मध्ये एक मोठा बदल बसवायला सुरुवात केली. त्यांच्या व्यवसायाचं नाव रिअल वर्ल्ड इंटरफेसेस, बदलाचं नाव डेव्हिल फिश. जुन्या सिंथमध्ये बदल करणारे तेव्हाही अनेक होते, आज तर गल्लोगल्ली आहेत. तरी जुन्या ॲनालॉग यंत्राला हात कसा घालावा हे कोणी विचारलं, तर मी याच प्रकरणाकडे बोट दाखवतो. व्हिटल यांनी ३०३ला नवा आवाज चिकटवला नाही. रोलँडने बोर्डावर कायमच्या ठरवून टाकलेल्या किमती, म्हणजे वेळांचे आणि पातळ्यांचे आकडे, त्यांनी नॉबवर आणल्या आणि त्या नॉबांच्या पल्ल्यात मूळ किंमतही ठेवली. म्हणजे डेव्हिल फिश झालेल्या ३०३मधून मूळ ३०३ पुन्हा मिळवता येते. माझ्या मते या बदलाचं सगळं मोठेपण इथेच आहे.

एक स्वर आतून कसा जातो

३०३मध्ये ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणारा भाग, एकच. तो करवती तरंग काढतो, आणि स्विच फिरवला की एका ट्रान्झिस्टरभोवतीचं साधं सर्किट त्याच तरंगाला चौकोनी आकार देतं. तिथून आवाज फिल्टरमध्ये जातो आणि कटऑफ नावाच्या सीमेच्या वरचा तीक्ष्ण भाग छाटला जातो. हा फिल्टर चार पायऱ्यांच्या शिडीसारखा बांधलेला आहे, पण पायऱ्या एकमेकींपासून सुट्या नाहीत. त्यातले तीन कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) ०.०३३ मायक्रोफॅरडचे आणि एक जवळपास निम्म्या किमतीचा, ०.०१८चा. या ओढाताणीमुळे त्याच्या छाटणीचा उतार इतर चार-पायरी फिल्टरांसारखा ऐकू येत नाही. रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळच्या आवाजाला मिळणारा उठाव, पूर्ण चढवला तरी मूळ ३०३चा फिल्टर स्वतःहून शिटी मारत नाही, अगदी उंबरठ्यावर येऊन थांबतो. तिचा रबरासारखा ताणलेला सूर या उंबरठ्यावरचा आहे.

फिल्टर उघडण्या-मिटण्याचं काम एका एन्व्हलपकडे, म्हणजे दर स्वराला चढून ओसरणाऱ्या विजेच्या दाबाकडे, आहे आणि डिके (ओसरण्याच्या) नॉबने त्याची लांबी साधारण २०० मिलिसेकंदांपासून २ सेकंदांपर्यंत बदलते. आवाजाच्या पातळीचा एन्व्हलप वेगळा. तो पूर्णपणे कारखान्यात ठरलेला: झटकन चढतो, तीन-चार सेकंदांत ओसरतो, वाजवणाऱ्याच्या हातात काहीच नाही. स्लाइडचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा, वेळही ठरलेला, सुमारे ६० मिलिसेकंद. ॲक्सेंट (जोर) असलेल्या स्वराचा डिकेही ठरलेला: नॉब कुठेही असो, ॲक्सेंट आला की फिल्टरचा एन्व्हलप सर्वांत आखूड होतो.

स्वस्त यंत्रात नॉब कमी ठेवायचे तर असे निर्णय घ्यावेच लागतात. किकुमोतो यांनी ते अतिशय चांगले घेतले, हे मुद्दाम सांगायला हवं. बदल करणारे लोक कधी कधी मूळ रचनाकाराबद्दल असं बोलतात की जणू त्याला काही कळत नव्हतं. ३०३चं सर्किट चित्र समोर ठेवून पाहिलं तर इतक्या थोड्या भागांत इतकं काम काढणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाटतो.

ॲक्सेंट

सर्वांत जास्त वेळ ज्यावर घालवावा असा भाग हा. बहुतेक यंत्रांत ॲक्सेंट म्हणजे तो स्वर थोडा मोठ्याने. ३०३मध्ये तीन गोष्टी एकदम होतात. आवाज चढतो, फिल्टरचा डिके आखूड होतो, आणि एन्व्हलपचा एक हिस्सा आडवाटेने फिल्टरच्या कटऑफकडे जातो. या आडवाटेवर १ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बसलेला आहे आणि वाटेत रेझोनन्सच्या नॉबचा दुसरा थर लागतो. तो नॉब दुपदरी आहे, एकाच दांड्यावर दोन पोटेन्शिओमीटर. एकाने रेझोनन्स ठरतो, दुसऱ्याने ॲक्सेंटचा फिल्टरवरचा परिणाम.

आता लागोपाठ तीन स्वरांवर ॲक्सेंट द्या. पहिल्या स्वराला कपॅसिटर थोडा भरतो आणि रिकामा व्हायला लागतो. तो पुरता रिकामा होण्याआधीच दुसरा ॲक्सेंट येऊन त्यावर भर टाकतो, मग तिसरा. फिल्टर प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर जाऊन उघडतो. पॅटर्नमध्ये तिन्ही पायऱ्या (स्वरांच्या जागा) सारख्याच नोंदवलेल्या असतात, कानाला मात्र चढत जाणारी ओळ ऐकू येते. सर्किटला मागच्या स्वराची आठवण राहते म्हणून हे घडतं. ३०३च्या नकला करणारे कितीतरी प्रयत्न याच जागी फसले. त्यांनी ॲक्सेंट हा प्रत्येक स्वरापुरता सुटा धरला.

व्हिटल यांनी या जागी दोन बदल केले. ॲक्सेंटच्या स्वरांसाठी वेगळा डिके नॉब दिला आणि साध्या स्वरांसाठी वेगळा, दोघांचा पल्ला साधारण ३० मिलिसेकंदांपासून ३ सेकंदांपर्यंत. मूळचा डिके नॉब त्यामुळे मोकळा झाला, तो त्यांनी आवाजाच्या पातळीच्या एन्व्हलपला दिला, जो आधी कोणाच्याच हातात नव्हता. दुसरा बदल म्हणजे स्वीप स्पीड नावाचा तीन स्थितींचा स्विच. त्याने वर सांगितलेल्या कपॅसिटरच्या वाटेचा वेग बदलतो, म्हणजे यंत्राची आठवण लांबवता किंवा आखडता येते.

याचा परिणाम सांगतो. मूळ यंत्रात ॲक्सेंटचा स्वर नेहमी तुटक आणि टोकदार. डेव्हिल फिशमध्ये साधे स्वर आखूड ठेवून ॲक्सेंटचा डिके लांबवला की नातं उलटं होतं: साधे स्वर टिचक्यांसारखे, ॲक्सेंटचा स्वर मात्र उघडून हळूहळू मिटत जाणारा. पॅटर्नमधली एकही पायरी न बदलता सगळी ओळ वेगळी बोलते. आणि ॲक्सेंटचा डिके २०० मिलिसेकंदांच्या आसपास आणून ठेवला की पुन्हा जुनी ३०३ समोर.

स्लाइड आणि मींड

मराठी वाचकाला या प्रकरणातला सर्वांत जवळचा भाग हा वाटेल. ३०३वर एखाद्या पायरीला स्लाइड दिली की दोन गोष्टी होतात. स्वर पुढच्या स्वराकडे सरकत जातो, आणि पुढच्या स्वराला नवा आघात मिळत नाही. आधीचाच आवाज पुढे चालू राहतो. सतारीवर एकच मिजराब मारून तार ओढून पुढचे स्वर काढतात, तोच व्यवहार इथे विजेच्या दाबाने होतो. तीन पायऱ्यांना ओळीने स्लाइड दिली तर एका आघातात चार स्वर येतात. दोन-दोन पायऱ्यांच्या अशा जोड्या बेसमध्ये पेरल्या की यंत्राच्या कवायतीत गायकीचा अंश उतरतो. चरणजित सिंग यांच्या कामात ३०३ परकी वाटत नाही, याचं एक कारण मी इथे शोधतो.

पण ६० मिलिसेकंद म्हणजे किती? मिनिटाला १२५ ठोक्यांच्या लयीत एक पायरी १२० मिलिसेकंदांची असते. म्हणजे स्लाइड पायरीच्या मध्यावर संपते आणि उरलेला अर्धा वेळ स्वर स्थिर. शिवाय स्लाइड एका रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीतून होते, त्यामुळे ती सुरुवातीला झपाट्याने धावते आणि शेवटी मंदावून स्वरावर बसते. अंतर दोन श्रुतींचं असो की सप्तकभर, वेळ तेवढाच. मींड घेणारा मध्ये रेंगाळतो, परत फिरतो, हवा तिथे कण लावतो. ते या यंत्राला जमणार नाही आणि व्हिटल यांचा तो उद्देशही नव्हता. त्यांनी स्लाइडचा वेळ नॉबवर आणला, ६० ते ३६० मिलिसेकंद. खालचं टोक म्हणजे मूळ ३०३.

भैरवीच्या स्वरांत हा सोळा पायऱ्यांचा पॅटर्न घ्या, रे, ग आणि नि कोमल: सा – सा रे, सा – ग रे, सा – – नि, सा म ग रे. शेवटच्या ओळीत म आणि ग या दोन पायऱ्यांना स्लाइड. नॉब खालच्या टोकाला असेल तर म, ग, रे हे तिन्ही स्वर स्पष्ट लागतात, फक्त मधले सांधे गुळगुळीत. नॉब वर नेत गेलं की ग पूर्ण लागण्याआधीच रेकडे जायची वेळ येते. ग हा ठहरावाचा स्वर न राहता वाटेतला स्वर होतो, आणि रेही काठावर येऊन थांबतो तोच पहिल्या पायरीचा सा आघातासह येतो. मला यात भैरवीतल्या उतरत्या ओळीची ओढ ऐकू येते. स्वर अर्थातच सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ठरवलेले आहेत, कोमल रे आपल्या जागेवर बसत नाही आणि ट्यून नॉबने सगळे स्वर एकत्रच सरकतात. तेवढी मर्यादा मान्य करूनच ऐकायचं.

बाकीचे बदल, थोडक्यात

ओव्हरड्राइव्ह नॉब ऑसिलेटरचा आवाज फिल्टरमध्ये शून्यापासून मूळ पातळीच्या ६६.६ पटींपर्यंत सोडतो. विकृती फिल्टरच्या आतच घडते, त्यामुळे बाहेरून पेडल लावल्यासारखी वाटत नाही. शून्यावर ठेवून बाहेरचा आवाज फिल्टरमध्ये घेता येतो. सॉफ्ट ॲटॅकने स्वराचा चढ ०.३ ते ३० मिलिसेकंदांत बदलतो. फिल्टर ट्रॅकिंगने स्वर उंच गेला की फिल्टरही त्याच्याबरोबर वर जातो. फिल्टर एफएममध्ये शेवटी निघणारा आवाज परत मागे वळवून त्याला फिल्टरचा कटऑफ हलवायला लावतात. याने आवाज फाटतो आणि वापर जपूनच करावा लागतो. मफलर नावाचा स्विच शेवटच्या टप्प्यात आवाजाची टोकं मऊपणे कापतो. बाहेरून नियंत्रण घेण्या-देण्यासाठी सॉकेट आहेत, नंतरच्या आवृत्त्यांत मिडी (वाद्यांनी एकमेकांना आज्ञा पाठवण्याची पद्धत) आणि ३२ बँकांची स्मृतीही आली. स्मृती आणि मिडी उपयोगाच्या गोष्टी आहेत, पण त्यांनी यंत्राचा स्वभाव बदलत नाही.

हात घालण्याआधी

जुन्या यंत्रात नवीन काही बसवायच्या आधी ते जुन्या अर्थाने ठीक चालायला हवं. ३०३मध्ये याची सुरुवात एका विचित्र दिसणाऱ्या आकड्यापासून होते: ५.३३३ व्होल्ट. स्वराच्या आकड्याचा विजेचा दाब करणारा परिवर्तक सहा बिटांचा, म्हणजे ६४ पायऱ्यांचा. एका सप्तकाला एक व्होल्ट, सप्तकात बारा स्वर, म्हणून एक पायरी व्होल्टचा बारावा भाग. ६४ भागिले १२ बरोबर ५.३३३. हा संदर्भ दाब ढळला की सप्तकं आखडतात किंवा ताणतात, आणि मग कोणी ऑसिलेटरला दोष देत बसतो. बोर्डावरच्या ट्रिमरने (पेचकसाने फिरवायच्या छोट्या नॉबने) तो आधी नेमका करायचा, मग ट्यूनिंग, मग फिल्टरचा ट्रिमर. नॉब खरखरत असतील तर साफ करायचे, बटणं दोनदा दाबली जात असतील तर बदलायची.

एका सवयीबद्दल माझं मत ठाम आहे. जुनं यंत्र उघडलं की सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट काढून नवीन लावणारे लोक आहेत. वीजपुरवठ्यातले फुगलेले, गळलेले जरूर बदलावेत. पण ज्या कपॅसिटरच्या भरण्या-रिकामं होण्यावर ॲक्सेंटचा स्वभाव ठरतो, त्याला मोजल्याशिवाय हात लावू नये. तीन ॲक्सेंटची ओळ आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावी आणि नंतर ताडून पाहावी.

मूळ पेटीला भोकं पाडावी का, हा प्रश्न या प्रकरणात टाळता येत नाही. डेव्हिल फिशसाठी झाकणावर नवे नॉब आणि स्विच बसतात, ते परत बुजत नाहीत. १९९३ साली ३०३ ही आजच्याइतकी दुर्मीळ वस्तू मानली जात नव्हती. आज एखादी अस्पर्श, खोक्यासकटची ३०३ कोणाकडे असेल तर तिला ड्रिल लावू नये असंच मी सांगेन. पण जी आधीच रंगवलेली, तुटलेली, दुरुस्तीला आलेली आहे, तिच्या बाबतीत आवाजाची पूर्ण परत-वाट ठेवणारा बदल हा तिला कपाटातून बाहेर काढण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे.

दाखवायचं कसं

बदल केलेलं यंत्र लोकांपुढे वाजवून दाखवणं हा या कामाचा अर्धा भाग आहे आणि तो फार वाईट रीतीने केला जातो. रिव्हर्ब, डिले, पेडल लावून, सगळे नॉब एकदम फिरवत पाच मिनिटं गदारोळ केला की ऐकणाऱ्याला कोणत्या बदलाने काय झालं ते कळत नाही.

डेव्हिल फिशसारख्या बदलाचं प्रात्यक्षिक मूळ जागेवरून सुरू व्हायला हवं, कारण मूळ जागा तिच्यात आहे. ओव्हरड्राइव्ह मूळ पातळीला, ॲक्सेंटचा डिके २००च्या आसपास, स्लाइड ६०वर, बाकी सगळं बंद. हा आवाज निदान एक मिनिट तसाच वाजू द्यावा. मग एकच नॉब हलवावा, आणि परत आणावा. परत आणणं लोक विसरतात. कानाला फरक कळतो तो परतीच्या वाटेवर. वर दिलेल्या भैरवीच्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीवर ॲक्सेंट दिला की चढत जाणारा फिल्टर आणि शेवटची स्लाइड दोन्ही एकाच आवर्तनात ऐकवता येतात, म्हणून मी तोच वापरतो. सोबत ६०६ असेल तर फक्त किक आणि हाय-हॅट, झांजेचा भडिमार नको. तिचा वरचा खळखळाट नेमका तिथेच बसतो जिथे फिल्टर उघडताना ऐकायचा असतो.

ओव्हरड्राइव्ह दाखवताना पातळी जुळवणं आवश्यक आहे. आवाज मोठा झाला की तो चांगला वाटतो, हा कानाचा धर्म आहे. नॉब चढवताना मिक्सरवर पातळी उतरवली तर उरतो तो खरा फरक: करवती तरंगाच्या कडा फिल्टरच्या आत चेपल्या जातात आणि रेझोनन्सची शिटी त्या गर्दीत मागे सरते. फिल्टर एफएम सर्वांत शेवटी दाखवावा. त्या आवाजानंतर कान काही वेळ नाजूक फरक धरत नाही.

आज हे कोणाच्या कामाचं

लिमोर फ्राइड यांनी २००५ साली x0xb0x हा ३०३चा खुला आराखडा मांडला आणि घरी सोल्डरिंग करणाऱ्यांना ते सर्किट हातात आलं. बेहरिंगर कंपनीने २०१९ साली टीडी-३ ही ३०३ची प्रत काढली आणि पुढे टीडी-३-एमओ या रूपात डेव्हिल फिशमधले बरेचसे नॉब कारखान्यातूनच लावून दिले. एका माणसाने मेलबर्नमध्ये एकेका यंत्रात हाताने तारा जोडून बसवलेले बदल असे तयार यंत्रात मिळू लागले. श्रेय कोणाचं हे मात्र विकताना आणि दाखवताना नाव घेऊन सांगायला हवं, आणि ते सांगितलं जात नाही याचा मला राग येतो.

पुण्या-मुंबईत ज्यांना या कामात उतरायचं आहे त्यांनी मूळ ३०३च्या मागे धावू नये. खुल्या आराखड्यावरची एखादी प्रत बांधावी. रेझिस्टर, कपॅसिटर, नॉब लॅमिंग्टन रोडवर मिळतात. त्यात आधी फक्त दोन बदल करावेत, ॲक्सेंटचा वेगळा डिके आणि स्लाइडचा वेळ. दोन्हींना नॉबच्या एका ठरलेल्या जागी मूळ किंमत येईल असे भाग निवडावेत आणि ती जागा पॅनेलवर खुणेने दाखवावी. सहा महिने तेवढ्यावर वाजवावं. ओव्हरड्राइव्हची गरज खरंच आहे का, ते तोवर कानाला समजलेलं असतं.